पेटी बदला, सर्व्हर मिळवा

डेस्कटॉपचा सर्व्हर करण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी : मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क जुन्या उभ्या डब्यातून काढून १९ इंची रॅकच्या आडव्या पेटीत कसावीत. मापे पक्की आहेत. एक 'यू' म्हणजे १.७५ इंच उंची; चार यूची पेटी घेतली की कालपर्यंत टॅलीची बिले काढणारे यंत्र आज डेटा सेंटर ठरते. शंकेखोर विचारतात, रॅम चुका सुधारणारी ईसीसी आहे का? वीज पुरवणारा एक एसएमपीएस जळाला तर दुसरा आहे का? नाही. पण पेटीच्या दाराला कुलूप आहे, ते डेस्कटॉपला कुठे होते?

वाशिमकरांना हे पटवावे लागत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या पेटीतून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे तालुके एकही स्क्रू न हरवता काढून नव्या पेटीत बसवले गेले. रस्ते तेच, सोयाबीन तेच, पाटी तेवढी जिल्ह्याची. वेग वाढला का, असे विचारणाऱ्यांना २०१८ साली परस्पर उत्तर मिळाले : नीती आयोगाच्या 'आकांक्षित', म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत नाव आले. आकांक्षा काय साध्या डेस्कटॉपला असते?

तेव्हा आता पुढचे पाऊल टाकायला हरकत नसावी. सर्व्हरपणा पेटीतच असेल, तर आतले भाग हा निव्वळ अपव्यय आहे. प्रत्येक तहसिलीत चार यूची रिकामी पेटी लावावी, समोर निळा दिवा, वर फुलांचा हार. लोड शेडिंगचे भयच नको. रिकामी पेटी आजवर एकदाही हँग झालेली नाही. वार्षिक देखभालीचे कंत्राट मात्र आधी काढावे.