होल्डरराव

मोटारसायकलवाल्यांच्या तऱ्हा पुष्कळ. एकाला सायलेन्सर बदलण्याचा नाद, दुसरा दर रविवारी गाडी धुऊन-पुसून पुन्हा कव्हर घालून ठेवतो, तिसरा कधीतरी लडाखला गेला होता आणि बोलण्यातून अजून तिथून परतलेला नाही. होल्डररावांना यातलं काही नसतं. त्यांचा प्रश्न एकच : हँडलवर नकाशा पक्का कसा बसवायचा? कुठला नकाशा, कुठे जायचंय, ते नंतर बघू.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक होल्डरराव असतोच. पंचेचाळिशी ओलांडलेली, मुलगी बारावीला, फ्लॅटचे हप्ते संपत आलेले आणि तरुणपणी राहून गेलेली मोठी गाडी आता कुठे दारात आलेली. आमच्या होल्डररावांकडे हिमालयन आहे, जुनी, ४११ सीसीची. पुण्याहून वाईला जायला त्यांना नकाशा लागतो. वाई हे त्यांचं आजोळ. खंबाटकी उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण निघायच्या आधी ते हातमोजे काढणार, पडद्यावर ‘वाई’ टाकणार, हातमोजे घालणार, तेवढ्यात पडदा विझला म्हणून पुन्हा हातमोजे काढणार. आम्ही इंजिनं चालू करून उभे. “अहो, रस्ता पाठ आहे ना तुम्हाला?” असं कोणी म्हणालंच तर उत्तर तयार असतं : “रस्त्याचा प्रश्न नाहीये. फिटिंग टेस्ट करतोय.”

फिटिंग हा त्यांचा खरा मुलूख. घरात कुकरच्या कानाचा स्क्रू दिवाळीपासून ढिला आहे, तो वहिनी रोज सकाळी सुरीच्या टोकाने आवळतात. हँडलवरच्या बोल्टला मात्र टॉर्क पाना लागतो. वहिनींनी हे एकदा आमच्यासमोर काढलं. होल्डरराव शांतपणे म्हणाले, “कुकर ताशी ऐंशीने जात नाही.”

त्यांच्या मते माणसांचे दोन वर्ग आहेत : फोन बसवणारे आणि फोन अडकवणारे. आमच्यातला एक पोरगा फोन रबर बँडने टाकीवरच्या बॅगेला बांधून आला, तेव्हा होल्डररावांनी त्याला चहाच्या टपरीवर बाजूला घेतलं. “हे बघ, जीपीएसचे उपग्रह आहेत २०,२०० किलोमीटर वर. त्यातल्या निदान चारांचे सिग्नल पकडून, त्यांच्या घड्याळांचा मेळ घालून तुझा फोन तुला सांगतो की तू कुठे उभा आहेस, पाच-दहा मीटरच्या फरकाने. २०,२०० किलोमीटर काम चोख. आणि शेवटच्या वीतभर अंतरात तू रबर बँड लावतोस?” पोरगा गप्प. खरं सांगायचं तर आम्हीही गप्प. होल्डररावांची हीच पंचाईत आहे. माणूस हास्यास्पद, म्हणणं बिनतोड.

खरेदीला ते नाना पेठेत जातात, आणि कोणाला तरी साक्षीदार म्हणून नेतात. एकदा ती पाळी माझी होती. दुकानदाराने काउंटरवर होल्डर ठेवला आणि त्या पेठेतला मूलमंत्र म्हटला, “युनिव्हर्सल आहे साहेब. कुठल्याही गाडीला बसतं.”

होल्डररावांनी खिशातून व्हर्नियर काढला.

“हँडलचा पाइप बावीस मिलिमीटर. तुमचा क्लॅम्प पूर्ण आवळला तरी पंचवीसला थांबतोय. मधले तीन मिलिमीटर कोण भरणार?”

“आत रबर टाकून देतो ना साहेब.”

“किती जाडीचं?”

“रबर म्हणजे... रबर.”

“दीड मिलिमीटरचं हवं. दोन्ही बाजूंनी दीड-दीड.”

दुकानदाराने पोऱ्याला दोन चहा सांगितले. पुढचा पाऊण तास आम्ही क्लॅम्प बघितले : आरशाच्या दांड्याला बसणारे, हँडलला बसणारे, आणि मधल्या टीच्या भोकात, बरोबर स्टेमवर बसणारे. होल्डरराव मला प्रत्येकाचे गुणदोष समजावत होते. आरशावरचा दांडा उंच, म्हणजे थरथर जास्त. हँडलच्या टोकाकडे गेलात तर आणखी जास्त. जितकं मध्यावर, जितकं खाली आणि दांडा जितका आखूड तितकं बरं. शेवटी त्यांनी एक इंची रबरी गोळ्याचा माउंट घेतला. गोळ्याला दांड्याचा जबडा पकडतो, रबरामुळे फिरकी आवळली की घसरत नाही आणि हवा तो कोन मिळतो. निघताना दुकानदाराने न मागता शंभर रुपये कमी केले. होल्डरराव म्हणतात, तो माझ्या ज्ञानावर खूष झाला. मला वाटतं, त्याला काउंटर मोकळा हवा होता.

बसवण्याचा विधी रात्री अकरानंतर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. बॅटरी धरायला वॉचमन. आधी पाइप स्पिरिटने पुसायचा. मग बोल्टच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा एक थेंब. निळाच, लाल लावलात तर उद्या खोलताना बोल्ट तापवावा लागेल. मग चावी ऑन न करता हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. फोन टाकीला घासता कामा नये, क्लचची केबल ताणली जाता कामा नये. स्पीडोमीटर झाकला जाता कामा नये, आणि नजर रस्त्यावरून फार खाली जाता कामा नये, कारण ताशी साठला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद पडद्यात बघितलंत तर तेहतीस मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. हे सगळं ते वॉचमनला सांगत होते. अर्ध्या तासाने वॉचमनने अदबीने विचारलं, “साहेब, गाडी सुरूच होत नाही का?”

विजेचं प्रकरण निराळं. फोन नकाशा दाखवायला लागला की चार्ज धडाधड उतरतो, म्हणून यूएसबी सॉकेट हवा. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणाला, “हॉर्नच्या वायरीतून काढून देतो, पाच मिनिटांचं काम.” होल्डररावांचा चेहरा पडला. त्यांना लाइन थेट बॅटरीवरून हवी, बॅटरीजवळच फ्यूज हवा आणि चावी बंद केली की सॉकेट बंद व्हावा म्हणून मध्ये रिले हवा. नाहीतर सॉकेट गाडी उभी असतानाही थोडं थोडं पीत राहतो आणि आठ दिवसांनी सेल्फ मारला की नुसतं टक्‌ होतं. मिस्त्री म्हणाला, मग तुम्हीच करा. त्यांनी केलं. दोन शनिवार गेले. काळ्या वायरी, लाल वायरी, त्यावर काळी नळी, त्यावर केबल टाय. वटपौर्णिमेच्या संध्याकाळी वड दिसतो तसं हँडल दिसायला लागलं.

एवढं झाल्यावर माणूस निदान फिरायला मोकळा होईल, तर नाही. ग्रुपमधल्या एकाच्या फोनचा कॅमेरा बिघडला. लांबच्या प्रवासाहून आला तो फोटो सगळे पुसट. होल्डररावांना या दिवसाची जणू वाटच होती. कॅमेऱ्यातलं भिंग बारीक स्प्रिंगांवर आणि चुंबकांवर तरंगतं ठेवलेलं असतं, हात हलला तर ते उलट्या बाजूला सरकून फोटो सावरतं. मोठ्या इंजिनाची थरथर हँडलमधून तासन्‌तास तिथे पोचली की ती यंत्रणा खराब होऊ शकते. “खुद्द ॲपलने २०२१ साली हे जाहीर लिहिलंय,” असं सांगून त्यांनी फोनवरचं ते पान आम्हाला आळीपाळीने वाचायला लावलं. तेव्हापासून त्यांच्या माउंटमध्ये एक रबरी डॅम्परही आला. आणि खास मोटारसायकलसाठी बनवलेल्या गार्मिन झुमोचा विषय निघाला की त्यांचा आवाज हळवा होतो. हातमोज्यांसकट चालतो, पावसात चालतो, उन्हात दिसतो. घेत का नाही, असं विचारलं तर म्हणतात, “मुलीचं इंजिनीअरिंग होऊ दे.”

पावसात चालणं ही बाब पुण्याच्या माणसाला क्षुल्लक नाही. जुलैत ताम्हिणीत फोनच्या पडद्यावर थेंब पडतात आणि फोनला वाटतं, मालकाचं बोट लागलं. नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो, मध्येच कोणाला तरी फोन लागतो. एकदा होल्डररावांच्या साहेबांना लागला. साहेबांनी पलीकडून दहा मिनिटं धबधब्याचा आवाज ऐकला. प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर आतून धुकं धरतं, आणि मे महिन्यात त्याच पिशवीत फोन तापून बंद पडतो. शिवाय घाटात रेंज जाते. त्यासाठी होल्डरराव नकाशे आदल्या रात्री उतरवून ठेवतात. रेंज गेली तरी उपग्रह जात नाहीत, हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि ते खरं आहे. आम्ही धबधब्यासमोर उभे राहून कणीस खातो तेव्हा होल्डरराव गुडघ्यावर बसून, पाणी बोल्टच्या खोबणीत साचतंय का, ते बघत असतात.

एकदा वाहतूक पोलिसाने अडवलं. फोन का लावलाय म्हणून विचारायच्या आतच यांनी सुरुवात केली. १ ऑक्टोबर २०२० पासून नियम बदललाय, वाहन चालवताना असं साधन फक्त मार्ग बघण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाची एकाग्रता न मोडता. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “अगदी बरोबर बोललात साहेब. पीयूसी दाखवा.” पीयूसी संपून तीन आठवडे झाले होते.

तरी या माणसाबद्दल मला आदर वाटायला लागला तो एका सिग्नलवर. शेजारी जेवण पोचवणारा एक मुलगा येऊन थांबला, पाठीवर ती चौकोनी पेटी. आरशाच्या दांड्यावर पत्र्याचा चार बोटांचा होल्डर, रंग उडालेला. होल्डररावांनी हेल्मेटची काच वर केली. मी मनात म्हटलं, गेला बिचारा, आता याचं जेवण गार होणार.

“किती दिवस झाले बसवून?”

“दीड वर्ष झालं काका.”

“ढिला नाही झाला?”

“नाही ना. आत सायकलची ट्यूब आहे. कापून दोन वेढे मारलेत.”

होल्डरराव वाकले. दांड्याभोवती खरोखरच काळी ट्यूब होती, कडेला पंक्चरच्या ठिगळाचा अर्धा तुकडासुद्धा तसाच. आणि फोनच्या कव्हरच्या भोकातून एक पांढरी, मळलेली बुटाची नाडी ओवून आरशाच्या बुडाशी गाठ मारलेली.

“ही कशाला?”

“होल्डर सुटला तर फोन लोंबकळतो, खाली पडत नाही. एकदा पडला होता काका. मागून बस होती.”

सिग्नल सुटला. मुलगा गेला. होल्डरराव तिथेच, मागचे हॉर्न वाजवताहेत. पुढच्या रविवारी त्यांच्या फोनला रबराचं वेष्टण असलेली पोलादी तारेची दोरी होती, स्टेमला अडकवलेली. तिला ते ‘सेकंडरी रिटेन्शन’ म्हणतात. पण कोणी विचारलं की आधी त्या मुलाची गोष्ट सांगतात, नाडीचा रंग आणि ट्यूबचे वेढे यांसकट. दुसऱ्याच्या अकलेचं श्रेय इतक्या राजीखुशीने देणारा माणूस मी आमच्या ग्रुपमध्ये तरी दुसरा पाहिलेला नाही.

काळ मात्र त्यांच्या बाजूने नाही. गूगलने २०१७ च्या डिसेंबरात भारतातल्या दुचाक्यांसाठी नकाशात वेगळी सोय केली, तेव्हा ते खूष होते. २०२० मध्ये मीटिअरच्या हँडलसमोर वाट दाखवणारा छोटा गोल डायल कंपनीनेच बसवला, तेव्हा ते जरा गंभीर झाले. आणि २०२३ ची नवी हिमालयन आली ती गोल पडद्यावर अख्खा नकाशाच घेऊन. ना क्लॅम्प, ना गोळा, ना लॉकटाइट. आम्ही त्यांना मुद्दाम शोरूममध्ये घेऊन गेलो. ते गाडीभोवती दोनदा फिरले, बसले, हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे केलं. कुठे काही घासलं नाही. विक्रेत्या मुलीने अभिमानाने विचारलं, “कसं वाटलं सर?”

“उत्तम आहे,” होल्डरराव म्हणाले. “फक्त याच्या शेजारी फोन लावायचा झाला तर जागा कुठे?”

तर रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलाबाहेर गाड्यांच्या रांगेत कोणी गुडघ्यावर बसून ॲलन कीने काही आवळताना दिसलं, तर ते आमचे होल्डरराव, किंवा तुमचे. त्यांना ‘हे कुठून घेतलं?’ असं सहज म्हणून विचारू नका. विचारायचंच असेल तर आधी आत जाऊन मिसळ सांगून या, आणि तुमच्या फोनला दोरी बांधलेली नसेल तर तो होल्डरमधून काढून गुपचूप खिशात घाला.