शहाऐंशी

परवा मिसळीच्या दुकानात दादाने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, ‘‘ओव्हररेटेड.’’ आवाज असा, की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चमचा खाली ठेवला. मग दादाने पाव बोटाने दाबून पाहिला. ‘‘पाव मात्र अंडररेटेड आहे, दाजी. पावाबद्दल कुणी बोलतच नाही.’’

दादा म्हणजे माझा थोरला मेव्हणा. तुमच्याकडेही असा एक असणारच. नसेल तर आमचा घेऊन जा, परत करायची घाई नाही. जगातल्या यच्चयावत गोष्टींचे या माणसाने दोन ढीग लावून ठेवलेत. आमटी ओव्हररेटेड, वरण अंडररेटेड. हापूस ओव्हररेटेड, पायरी अंडररेटेड. विसर्जन मिरवणुकीत ढोल ओव्हररेटेड, ताशा ठीक आणि टोल भयंकर अंडररेटेड, ‘‘कारण दाजी, अख्ख्या पथकात खरं मेटल तेवढंच.’’ चुलतसासऱ्यांच्या तेराव्याला फोटोपुढे हात जोडून तो ‘‘अंडररेटेड माणूस’’ असं इतक्या गंभीरपणे पुटपुटला, की गुरुजी क्षणभर पोथीत ती ओळ शोधत राहिले.

रोग मूळचा गिटारचा. त्यातही रॉक आणि मेटलच्या गिटारचा. मी बायकोला पाहायला गेलो तेव्हा शिक्षण, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं सासऱ्यांनी विचारलं. कोपऱ्यात ‘ब्लॅक सॅबथ’ लिहिलेला काळा टी-शर्ट घालून दादा बसला होता. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘गिटारिस्ट कुठला आवडतो?’’ मला एकच नाव ठाऊक होतं, तेही होस्टेलच्या पार्टनरच्या कृपेने. म्हटलं, ‘‘एरिक क्लॅप्टन.’’ दादाने आईकडे पाहिलं आणि मान हलवली. ‘‘ओव्हररेटेड.’’ सासूबाईंना वाटलं, मुलाने पगार फुगवून सांगितलाय. चार दिवस तिकडून निरोप आला नाही.

क्लॅप्टनवर त्याचा व्यक्तिगत राग नाही, हे पुढे कळलं. साठच्या दशकात लंडनमध्ये भिंतीवर कुणीतरी ‘क्लॅप्टन देव आहे’ असं रंगवलं होतं. दादाचं म्हणणं, ‘‘भिंतीवर नाव आलं की माणूस संपला. आपल्याकडे नगरसेवकाचं येतं.’’

आता शहाऐंशी. नातेवाइकांत दादाचं पाठीमागचं नाव हेच आहे. २००३ साली अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने शंभर थोर गिटारवादकांची यादी छापली. पहिला जिमी हेंड्रिक्स. त्याला दादाची हरकत नाही. अकरावा मेटालिकाचा कर्क हॅमेट, बारावा निर्वाणाचा कर्ट कोबेन, सोळावा जॉनी रामोन. ज्याच्या पावणेदोन मिनिटांच्या ‘इरप्शन’ने १९७८ मध्ये गिटार शिकणाऱ्या पोरांची झोप उडवली, तो एडी व्हॅन हॅलन सत्तरावा. आणि ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी, ज्याच्या गिटारमधून हेवी मेटल नावाचं प्रकरण बाहेर पडलं, तो?

‘‘शहाऐंशी, दाजी. शहाऐंशी!’’

एवढं बोलून तो पाणी मागतो. हा आकडा मी बारशात ऐकलाय, मुंजीत ऐकलाय, एकदा सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडत असतानाही ऐकलाय. बँकेत ८६ नंबरचं टोकन मिळालं तर दादा ते परत करून नवीन घेतो. कहर झाला तो त्याच्या मुलाच्या दहावीच्या निकालाला. पोराला ८६ टक्के पडले. दुसरा बाप पेढे वाटत सुटला असता. दादा खुर्चीत बसून राहिला. शेवटी पोरगंच घाबरून म्हणालं, ‘‘बाबा, पेपर फेरतपासणीला टाकू का?’’

मला वाटलं, यावर औषध आहे. २०११ मध्ये त्याच मासिकाने नवी यादी काढली आणि आयोमी थेट पंचविसावा आला. एकसष्ट पायऱ्या वर! मी पाव किलो पेढे घेऊन गेलो. दादाने पेढा घेतला, डोळे मिटले. मला वाटलं, पेढ्याचा निकाल येणार. पण तो खिन्नपणे म्हणाला, ‘‘आता काय, सगळेच त्याचं नाव घेतील.’’

त्या दिवशी मला दादाच्या राज्याचा कायदा समजला. तिथे बढती म्हणजे बदनामी. जो लोकांना आवडतो तो ओव्हररेटेड आणि जो फक्त दादाला आवडतो तो अंडररेटेड. दुसऱ्या यादीतला माणूस लोकांना आवडू लागला की त्याची पहिल्या यादीत बदली होते, आणि तीही त्याचा एकही सूर न बदलता. मी हे प्रयोगाने सिद्ध केलंय. आयर्लंडच्या रोरी गॅलाघरबद्दल दादा कधीकाळी डोळ्यांत पाणी आणून बोलायचा. ती १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर गिटार, वापरून वापरून तिचे उडालेले रंगाचे पोपडे, १९९५ मध्ये अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेलेला माणूस. मी सगळं पाठ केलं आणि एका साखरपुड्यात चारचौघांत म्हणून दाखवलं. दादाने मला बाजूला घेतलं.

‘‘हे कुठे ऐकलंत, दाजी?’’

‘‘तुमच्याकडूनच.’’

‘‘म्हणजे पसरतंय,’’ तो म्हणाला, आणि त्यानंतर आजतागायत त्याने गॅलाघरचं नाव काढलेलं नाही.

असे लोक गाण्यातही असतातच. भीमसेनांचं नाव निघालं की ‘‘त्यांचे गुरुजी ऐकायला हवे होते’’ म्हणणारे, आणि गुरुजींचं निघालं की गुरुजींच्या गुरूंकडे सरकणारे. असं मागे मागे जात ते अशा एखाद्या बुवांपाशी थांबतात, ज्यांचं ध्वनिमुद्रण नाही. तिथे मग त्यांना कुणी गाठू शकत नाही. दादा निदान रेकॉर्ड असलेल्या माणसांबद्दल बोलतो, एवढं मी त्याच्या पदरात टाकतो.

आणखी एक टाकतो. त्याचा कान वाईट नाही. एसी/डीसी या बँडमध्ये अँगस यंग शाळेच्या चड्डीत रंगमंचभर उड्या मारतो आणि जग त्याच्याकडे बघतं. दादा बघतो ते मागे अँप्लिफायरजवळ उभ्या असलेल्या थोरल्या भावाकडे, माल्कम यंगकडे. ऱ्हिदम गिटार. एक सोलो नाही, एक उडी नाही, पण त्याने हात काढला तर सगळी इमारत खाली येईल. ‘‘अँगस म्हणजे फोडणी,’’ दादा म्हणतो. ‘‘फोडणीचा आवाज चार घरं ऐकतात. पण जेवता काय? वरण!’’ २०१७ च्या नोव्हेंबरात माल्कम गेला, त्या दिवशी दादा साधं वरण-भात जेवला. वर तूपही घेतलं नाही. सासूबाईंना वाटलं, पोट बिघडलं.

सासूबाईंचं या शास्त्रात एकदाच योगदान झालं, पण ते पायाभूत होतं. दादाकडे एक जुनी गिटार आहे. तिच्यावर त्याला नेमकी एक चीज येते, ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं. त्याचेही पहिले तीनच सूर. हा अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी आला होता, म्हणून दादा दर शुक्रवारी रात्री ते तीन सूर वाजवतो. शेजारचे शुक्रवारी लवकर झोपतात. सासूबाईंनी तरुणपणी पेटी शिकलेली. एका शुक्रवारी त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘अरे, सा लावतोस, वरचा सा लावतोस आणि पंचमाला न जाता तीव्र मध्यमावर येऊन बसतोस. भयाण वाटणारच ना!’’

दादा गिटार घेऊन तसाच आत गेला. युरोपात स्वरांच्या या अंतराला एकेकाळी संगीतातला सैतान म्हणत. ज्या तीन सुरांवर या माणसाने पंचवीस वर्षं व्याख्यानं दिली, त्यांचा उलगडा आईने भाकरी थापता थापता केला होता. त्याने तिला वाकून नमस्कार केला. ‘‘आई अंडररेटेड आहे,’’ असं तो त्यानंतर महिनाभर सांगत होता. मीही एकदा भीत भीत बायकोला विचारलं, ‘‘दादाच्या हिशेबात मी कशात येतो गं?’’ ती म्हणाली, ‘‘अंडररेटेड व्हायला आधी रेटेड असावं लागतं.’’ भावाचंच रक्त.

२०२५ च्या ५ जुलैला ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम बर्मिंगहॅमला, त्यांच्या स्वतःच्या गावात झाला. व्हिला पार्कचं फुटबॉलचं मैदान भरलेलं. मेटालिकासारखे दिग्गज आधी वाजवून गेले आणि सत्त्याहत्तर वर्षांचा आयोमी शेवटी उभा राहिला. म्हणजे शहाऐंशीच्या खटल्याचा निकाल भर मैदानात लागला होता. पुढे अडीच आठवड्यांत गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. मी दादाला भेटायला गेलो, म्हटलं आता तरी काही बोलेल. तो एवढंच म्हणाला, ‘‘दाजी, चहा घेणार?’’ चहाचा निकालही दिला नाही. आम्ही सगळेच जरा घाबरलो.

त्याच वर्षी खंडेनवमीला मी पहिल्यांदा त्याच्या कारखान्यात गेलो. दादा भोसरीच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. पत्रा आत सरकवायचा, वरून प्रेस येतो, पत्र्याचा भाग होऊन बाहेर पडतो. दिवसभर धाड, धाड, धाड. त्या दिवशी मशिनं बंद होती. प्रत्येकीला झेंडूचा हार, कुंकू, पुढे नारळ. कामगारांची बायकापोरं नवे कपडे घालून हिंडत होती. दादाने मला प्रसाद दिला आणि म्हणाला, ‘‘दहा मिनिटं थांबा, नवीन पोरं आलीयत.’’

सात-आठ पोरं होती. कंत्राटावरची, बीड-लातूरकडची, मिसरूड नुकतं फुटलेली. दादाने त्यांना एका प्रेससमोर उभं केलं. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण माल लवकर काढायच्या नादात पोरं एक बटण तारेने बांधून टाकतात आणि एका हाताने काम उरकतात. दादाच्या खिशात कायम कटर असतो, ही तार तोडायला.

‘‘इंग्लंडात बर्मिंगहॅम म्हणून गाव आहे,’’ तो बोलू लागला. ‘‘आपल्या भोसरीसारखंच. तिथे १९६५ साली सतरा वर्षांचा एक पोरगा पत्र्याच्या कारखान्यात होता. त्याचा शेवटचा दिवस होता, उद्यापासून गिटार घेऊन दौऱ्यावर जायचं. दुपारी जेवायला घरी आला, म्हणाला, परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम पुरं कर. त्याचं काम वेल्डिंगचं. पण प्रेसवरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर बसवलं.’’

दादाने उजव्या हाताची मधली दोन बोटं वर केली आणि टोकं मुडपली. पोरं हलली नाहीत.

‘‘पोरगा डावखुरा. म्हणजे याच बोटांनी तो तारा दाबायचा. डॉक्टर म्हणाले, विसरा गिटार. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात, तर बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा तीन पट्ट्या खाली उतरवून सैल केल्या. त्यातून जो जड आवाज निघाला, त्यावर आज जग नाचतंय.’’

पोरांचे चेहरे खुलले. एकजण टाळी वाजवणार होता.

‘‘थांब,’’ दादा म्हणाला. ‘‘टाळ्या वाजवायची गोष्ट नाही ही. असा जगात एक झाला. बाकीच्यांची बोटं गेली, ते बोटं गेलेलेच राहिले. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. तुमचं रोजचं मशीन नसेल आणि कुणी म्हणालं, आजच्या दिवस बस, तर बसायचं नाही. मला बोलवायचं. मी शिव्या खाईन. आणि दोन्ही बटणं. काय?’’

‘‘दोन्ही बटणं,’’ पोरं म्हणाली.

इतकी वर्षं मी या माणसाकडून शहाऐंशी ऐकतोय. बोटांची ही गोष्ट त्याने घरी एकदाही सांगितली नव्हती. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी विचारलं, तर वाऱ्यात ओरडून म्हणाला, ‘‘ती कामाची गोष्ट आहे, दाजी. गप्पांची नाही.’’ मग सिग्नलला थांबल्यावर, ‘‘मघाचा प्रसादाचा पेढा खाल्लात? ओव्हररेटेड.’’

दादाला त्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं झाली. त्याच्या शिफ्टला आजवर एकाही पोराचं बोट गेलेलं नाही. हे मला तिथल्या वॉचमनने सांगितलं. दादाला मी त्याबद्दल काही बोललेलो नाही आणि नातेवाइकांतही कुणाला सांगणार नाही. चारचौघांत कौतुक झालं की माणसाची कुठल्या यादीत बदली होते, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. तेव्हा तुम्हीही हे तुमच्यापाशीच ठेवा.