अर्ज नामंजूर, कारण 22

लिनक्समधलं 'पर्फ' हे हत्यार 2009 पासून कर्नलच्या सोबतच येतं. तुमच्या प्रोग्रॅमचा वेळ कुठल्या फंक्शनात चालला आहे, प्रोसेसरची कॅश कितीदा हुकली, सगळ्याचा चोख हिशेब देतं. इतरांची उणीदुणी काढण्यात इतका तरबेज गडी, पण त्याचंच घोडं अडलं की थेट खिडकीवरचा कारकून होतो: 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट', क्रमांक 22.

मोजणी सुरू करायला पर्फकडून कर्नलकडे जाणाऱ्या अर्जात रकाने डझनावारी. सॅम्पलिंगची वारंवारता मर्यादेबाहेर मागा, राखीव बिट चुकून लावा किंवा एकाच गटात न जुळणारे इव्हेंट कोंबा, शेरा एकच, 22. वर पर्फ मायेनं सुचवतं, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, 'कदाचित' अधिक माहिती मिळेल. तिथे बहुधा शुकशुकाट. आणि काही वितरणांत तर डीमेसेज वाचायलाही सूडो लागतं!

परवानगी नाकारली गेली की मात्र पर्फला वाचा फुटते. परवानगी ठरवणाऱ्या 'पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड' नावाच्या फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ उणे एकपासून पुढे सविस्तर समजावला जातो. हल्ली पर्फ काही ठिकाणी नकाराचं कारण स्वतःच ताडून सांगतं, हे मान्य. कर्नलला ते ठाऊकच असतं, पण तो तोंड उघडत नाही.