मुक्काम पोस्ट ठिपका

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि नागपूर-अमरावतीकडून आलेले जे मराठी तरुण सेक्टरांतील क्वार्टरांमध्ये स्थिरस्थावर झाले त्यांनी प्रथम गणपती बसवला व मागाहून, वर्गणीचा हिशेब कोणीतरी ठेवलाच पाहिजे म्हणून, मंडळ काढले. या मंडळाचे संकेतस्थळ अलीकडे एका सभासदाच्या नातवाने सुट्टीत करून दिले, आणि त्यात, कोणी मागितला नसताना, जगाचा एक नकाशा बसवला. संकेतस्थळावर कोणी आला की त्याच्या गावी नारिंगी ठिपका उमटतो, आणि ठिपक्यावर बोट ठेवले की गावाचे नाव, देश व आगमनाची वेळ इतका मजकूर तत्काळ हजर होतो.

तेव्हापासून कार्यकारिणीचे चित्त ठिकाणावर नाही. व्याख्यानाला सभागृहाच्या पुढच्या दोन रांगासुद्धा भरत नाहीत याची पूर्वी खंत तरी वाटे. आता व्याख्याता बोलत असताना आमचे चिटणीस मोबाइलवर ठिपके न्याहाळतात आणि मध्येच शेजाऱ्याच्या कानात ‘नॉर्वे’ असे कुजबुजतात.

सर्वांत स्थूल ठिपका अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात, अ‍ॅशबर्न नामक गावी पडतो. तेथील वाचक रात्री-अपरात्री येतात, मंडळाच्या घटनेपासून हळदीकुंकवाच्या सूचनेपर्यंत प्रत्येक पान उघडतात, आणि मागील वर्षाचा जमाखर्च, जो आमच्या हिशेबतपासनिसांनीही सही करण्यापुरताच पाहिला होता, तो साद्यंत वाचून पुन्हा वाचावयास येतात. एवढ्या पुराव्यावरून चिटणिसांनी तेथे मोठी मराठी वसाहत असल्याचा निष्कर्ष काढला आणि गणेशोत्सवाच्या आवाहनाचा मसुदाही सिद्ध केला. नातवाने दूरध्वनीवरून खुलासा केला की त्या परगण्यात संगणकांची प्रचंड गोदामे आहेत आणि आपला जमाखर्च वाचतात ती यंत्रे, माणसे नव्हेत. चिटणीस क्षणभर स्तब्ध झाले, मग म्हणाले, “अरे, पण वाचतंय ना कोणीतरी?” यावर उत्तर नव्हते.

वस्तुतः या नकाशाला माणूस कोठे आहे हे ठाऊकच नसते. महाजालावर येणाऱ्याला एक क्रमांक मिळतो. जुन्या पद्धतीचे असे सारे क्रमांक मिळून सुमारे ४२९ कोटी होतात, आणि त्यांपैकी कोणता कोणत्या कंपनीच्या खाती दिला गेला याच्या नोंदींवरून व पुष्कळशा तर्कावरून काही व्यापारी ‘क्रमांक आणि गाव’ असे कोश तयार करतात. ठिपका पडतो तो या कोशाच्या हुकुमाने. जकातनाक्यावरच्या कारकुनाने वाटसरूचे तोंडही न पाहता केवळ परवान्यावरचा शिक्का वाचून त्याचे गाव वहीत चढवावे, तसा हा कारभार आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर मी घराच्या ओसरीत बसून मंडळाचे पान उघडतो तेव्हा माझा ठिपका बहुधा नागपुरात पडतो, क्वचित इंदुरात किंवा भोपाळात, भिलाईत मात्र कधीही नाही. इतर सभासद यावर संतापतात. मला त्यात इतिहासाची सूक्ष्म जाण दिसते. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास बसून हा मुलूख सांभाळीत होते, आणि त्या घराण्याची मूळ गादी नागपूरचीच. पुढे इंग्रजी अमलात मध्यप्रांताची राजधानीही नागपूर, आणि आमचा दुर्ग जिल्हा त्याच प्रांतातला. तेव्हा मला नागपुरात दाखवणारा नकाशा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत संपूर्ण कायदेशीर ठरतो, आणि इंदूर-भोपाळात दाखवणारा ३१ ऑक्टोबर २००० पर्यंत. छत्तीसगढ वेगळे झाले ही वार्ता मोबाइल सेवेच्या परवान्यांच्या विभागणीपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. तेथे मध्यप्रदेश आणि छत्तीसगढ हे एकच क्षेत्र मानले जाते. आमच्या पुण्याच्या आत्याबाईही पत्त्यावर ‘म. प्र.’ असेच लिहीत, आणि त्यांची पत्रे बिनचूक पोहोचत.

कोशाला गाव ठरवता आले नाही म्हणजे तो काय करतो, हे मात्र ऐकण्यासारखे आहे. तो ‘ठाऊक नाही’ असे म्हणत नाही. तो ठिपका देशाच्या मध्यावर ठेवून मोकळा होतो. मॅक्समाइंड या अमेरिकन कोशकारांनी त्या देशाच्या मध्यबिंदूतील अपूर्णांकांचा कंटाळा करून ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम असा सुटसुटीत बिंदू योजिला, आणि तो कॅन्सस संस्थानात पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरापाशी पडला. बेपत्ता ठिकाणाचे साठ कोटींहून अधिक क्रमांक त्या एका घराच्या माथी आले. परिणामी वर्षानुवर्षे त्या निरुपद्रवी शेताच्या दारी कधी पोलीस, कधी केंद्रीय तपासनीस, कधी रुग्णवाहिका हजर होत, आणि कोणा संतप्त अज्ञाताने तर वाटेवर एक मोडका शौचकूप आणून ठेवला. २०१६ मध्ये एका वार्ताहर बाईंनी हे प्रकरण उजेडात आणले, तेव्हा कोशकारांनी तो बिंदू उचलून एका तलावाच्या मध्यभागी नेऊन सोडला. माशांकडून तक्रार आल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या देशालाही असाच एक बिंदू लाभला आहे. अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या ‘वर्ल्ड फॅक्टबुक’मध्ये भारताचे स्थान २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व असे पूर्णांकात दिलेले असे, आणि जुने कोश बेपत्ता भारतीयांना तेथेच पाठवीत. जिज्ञासूंनी पाहावे: हा बिंदू वाशीम आणि रिसोड यांच्या दरम्यान, ऐन सोयाबीनच्या मुलखात येतो. शून्य मैलाच्या दगडाचा अभिमान बाळगणाऱ्या नागपूरकरांच्या कानी हे न गेलेले बरे.

आमचा नकाशा अशाच जुन्या कोशावर चालत असल्याने वार्षिक सभेत चिटणिसांनी अहवाल वाचला, तो असा की वाशीम जिल्ह्यातील आपल्या वाचकांची संख्या भिलाईतील सभासदसंख्येहून अधिक झाली आहे. खजिनदारांची सासुरवाडी रिसोडची. त्यांनी तत्काळ सूचना मांडली की आपणांस पावतीपुस्तक देऊन मंडळाच्या खर्चाने त्या भागात वर्गणीसाठी रवाना करावे. तेव्हा मागच्या खुर्चीवरून एका वयोवृद्ध काकूंनी विचारले, “अहो, वाशीमची वसूल कराल तेव्हा कराल, पण आधी सेक्टर सातची तीन वर्षांची थकबाकी कोण आणणार?” चिटणिसांनी नकाशा भिंतीवर मोठा करून दाखवला आणि सेक्टर सातमध्ये एकही ठिपका नसल्याचे सभेच्या निदर्शनास आणले. खजिनदारांचा प्रवासखर्च बहुमताने मंजूर झाला. सेक्टर सातचा विषय तहकूब.