मोकळ्या श्वासाचे विक्रेते

डिझेल इंजिन एक लिटर डिझेल जाळायला निदान दहा हजार लिटर हवा ओढतं. यातल्या डिझेलला रोकडे पैसे मोजावे लागतात, आणि त्याबद्दल मला आजवर कोणीही सल्ला दिलेला नाही. हवा फुकट आहे. तिच्याबद्दल सगळेच बोलतात.

माझ्याकडे फोर बाय फोर, डबल कॅब पिकअप आहे. आठवडाभर ती ऑफिसला जाते आणि सुट्टीच्या दिवशी कच्च्या रस्त्यांवर. तिला धुळीत टिकणारा एअर फिल्टर हवा, एवढीच माझी मागणी. त्यावर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात पहिलं वाक्य ऐकायला मिळालं ते असं : “सर, कंपनीचा फिल्टर गाडीचा श्वास कोंडतो.” कंपनीच्या इंजिनिअरांनी एवढा खर्च करून इंजिन बनवायचं आणि शेवटी त्याचाच गळा दाबायचा, यामागचा हेतू काय असावा, याचा खुलासा मात्र झाला नाही.

श्वास मोकळा करायचा म्हणजे कंपनीची बंद पेटी काढून फेकायची आणि बोनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. पेटीचा पाइप बाहेरची गार हवा आणत असतो. हा शंकू इंजिनाच्या शेजारी बसून इंजिनानंच तापवलेली हवा ओढतो. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्क्यानं विरळ होते, हे मी काउंटरवर बोलून दाखवलं. “सर, रेसिंगवाले हेच लावतात,” असं उत्तर आलं. रेसिंगवाले शर्यत झाली की इंजिन खोलून बसतात, हे मी बोललो नाही. मागे गिऱ्हाइकं उभी होती.

टर्बो डिझेलमध्ये हवा किती दाबायची आणि डिझेल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. त्याला विचारल्याशिवाय जास्तीची हवा दारात आणून ठेवली तर तो ती आनंदानं घेईलच असं नाही. खरा फरक पडतो आवाजात. पेटी गेली की टर्बोची शिट्टी थेट कानावर येते. गाडी पूर्वीपेक्षा वेगानं जात नाही, पण जातेय असं ऐकू येतं, आणि पैसे त्याचे घेतात. हा व्यवहार तसा चोख आहे. शिट्टी खरी असते.

मग ॲव्हरेजचा मुद्दा येतो. फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, हे आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा मुलगासुद्धा सांगतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली पेट्रोलच्या आधुनिक गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिले. ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वेग घ्यायला गाडी मंदावली, तेवढंच. ही माहिती मी आमच्या सोसायटीतल्या एका जाणकार काकांना दिली. ते म्हणाले, “अमेरिकेतल्या गाड्यांचं वेगळं असतं.” त्यानंतर त्यांनी मला शंकू कुठे स्वस्त मिळतो ते सांगितलं. तो अमेरिकन होता.

या सगळ्या चर्चेत धूळ कुठेच येत नाही. फिल्टर धुळीसाठी असतो, असा माझा जुनाट समज आहे. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचा चुरा असतो आणि त्याची कठीणता मोहस् मापावर सात, म्हणजे साध्या पोलादापेक्षा जास्त. तिचे पाच ते वीस मायक्रॉनचे कण, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये शिरून पॉलिशपेपरचं काम करतात. मग गाडी ऑइल खाते, धूर मारते, आणि एक दिवस मेकॅनिक हात पुसत “इंजिन खोलावं लागेल” म्हणतो.

फिल्टर तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ५०११. त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहतात : हवेला अडथळा किती, धूळ अडते किती, आणि चोंदण्याआधी पोटात साठते किती. आकार तोच ठेवून पहिल्या बाबतीत फार उदार झालं की उरलेल्या दोन्हींत कुठेतरी कात्री लागते. खोक्यावर छापतात फक्त पहिली. बाकीच्या जागेत ज्वाळांचं चित्र असतं. एअर फिल्टरच्या खोक्यावर ज्वाळा का काढतात, हे मी दोन-तीन दुकानांत विचारलं. फिल्टरला आग लागणं ही माझ्या मते चांगली बातमी नव्हे.

चाचणीच्या धुळीलासुद्धा मानक आहे. बारीक, जाड अशा तिच्या प्रती आहेत आणि तिचं मूळ ॲरिझोनाच्या वाळवंटात. आमच्या गाडीनं ॲरिझोना पाहिलेलं नाही. तिनं एप्रिलमधला जत तालुका पाहिला आहे. तिथली धूळ कोणत्या प्रतीत बसते ते मी सांगू शकत नाही, पण तिला कोणाच्या परवानगीची गरज भासत नाही, एवढं निरीक्षण आहे.

“मग कॉटनचा घ्या, आयुष्यभर चालतो,” हा पुढचा सल्ला. तेल लावलेल्या सुती जाळीचे हे फिल्टर. के अँड एन हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनाल्ड या कॅलिफोर्नियातल्या दोघा मोटरसायकलवेड्यांच्या आद्याक्षरांवरून आलं. जाळी टाकून द्यायची नसते, धुवायची असते. खास साबणानं धुवा, सावलीत वाळवा, घाई करू नका, हेअर ड्रायर वापरू नका, मग खास तेल लावा आणि ते मुरेपर्यंत थांबा. तेल “योग्य प्रमाणात” लावावं असं माहितीपत्रक सांगतं. कमी लागलं तर धूळ आत जाते. जास्त लागलं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर बसू शकतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. योग्य म्हणजे किती, याला पत्रकात एक गुलाबी छटेचा फोटो आहे. फोटो झेरॉक्स आहे. काळापांढरा.

शिवाय फिल्टर आयुष्यभर चालतो म्हणजे कोणाच्या, हे वॉरंटी कार्डावर स्पष्ट नाही.

फोमचे फिल्टर ऑस्ट्रेलियात धुळीच्या वाटांवर बरेच चालतात. त्यांचंही धुणं-तेलणं तेच, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. आमचे एक नातेवाईक जुन्या जीपच्या तेलाच्या वाटीची आठवण काढतात. हवा तेलावरून वळवायची, धूळ तेलात पडायची, वाटी पुसून नवं तेल भरायचं. साधी, स्वस्त, ट्रॅक्टरवाल्यांच्या परिचयाची. गाडी फार कलली तर तेलच इंजिनात जायची भीती, हा तपशील आठवणीत येत नाही.

आता कागदी फिल्टर. कागदाचा गुण असा की तो थोडा मळला की धूळ आणखी चांगली अडवतो, कारण बसलेल्या धुळीचा थरच पुढची धूळ धरतो. म्हणजे उगाच हात लावू नये. आमच्याकडे हे गॅरेजमध्ये सांगून पाहावं. गाडी उभी राहिली रे राहिली की पोरगा कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन हजर : “काका, फिल्टरला हवा मारून देतो.” पंक्चर असो, कार्बोरेटर असो, मोबाइलमध्ये गेलेलं पाणी असो, हवा मारणं हा आपला राष्ट्रीय उपचार आहे. मारायचीच तर हलक्या दाबानं, आतून बाहेर. पोरगा पूर्ण दाबानं बाहेरून आत मारतो, म्हणजे कागदानं कष्टानं अडवलेली धूळ कागदाच्या पोटात ठोकून बसवतो. मग फिल्टर टायरवर आपटतो. कागदाला कुठे बारीक चीर गेली तर ती दिसत नाही. आपल्याला दिसतो तो पोराचा समाधानी चेहरा. परत बसवताना कडेचं रबर मुरगळतं, पेटीची एक क्लिप लागत नाही आणि तो म्हणतो, “चालतंय, तीन लागल्यात.” चौथ्या क्लिपमधून जे आत जातं त्यापुढे सूत, कागद, फोम सगळे सारखेच. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये आतून बोट फिरवावं आणि बोटाला माती लागते का बघावं. हा प्रयोग फुकट आहे, त्यामुळे कोणी सुचवत नाही.

राहिला स्नॉर्कल. फेंडरमधून निघून काचेच्या कडेनं छतापर्यंत चढणारा तो काळा पाइप. त्याचा रोजचा उपयोग धुळीत : ताफ्यात चालताना पुढच्या गाडीची धूळ बंपरच्या उंचीला दाट असते, छतापाशी विरळ. पण हे कोणाला पटत नाही. “पाण्याखाली चालते का?” हा प्रश्न ठरलेला. सिग्नलवर एका गृहस्थांनी काच खाली करायला लावून विचारलं, “सायलेन्सर वर का घेतलाय?” एकानं त्यात चॉकलेटचा कागद टाकला.

पावसाळ्यात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा होते, तिथे स्नॉर्कल ही चैन नसते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टन वर येतो आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. मात्र पाइप छतापर्यंत नेऊन एक सांधा ढिला ठेवला, किंवा पेटीच्या तळाचं पाणी काढणारं रबर तसंच सोडलं, तर इंजिन पाणी खालूनच पितं. शिवाय डिफरन्शिअलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून त्याचे ब्रीदर वर न्यायचे असतात. ते बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे तो विषय बहुधा पुढच्या महिन्यावर जातो.

बसवायची रीत अशी : किटमधला कागद नव्या गाडीच्या फेंडरला चिकटवायचा, खुणा करायच्या आणि होल-सॉनं भलं मोठं भोक पाडायचं. कागद कुठल्या बाजूनं वर धरायचा यावर दुकानातल्या दोघांचं एकमत होत नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल काय म्हणतं, असं विचारल्यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. “काही होत नाही, साहेब.”

म्हणून हल्ली बाजारात चिकटवायचा स्नॉर्कल मिळतो. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसतो, आत काहीच जात नाही. भोक नाही, सांधा नाही, सेन्सर नाही, हवेला अडथळा नाही. मला दाखवलेल्या सगळ्या मालात इंजिनाला अजिबात इजा न करणारा एवढा एकच होता. तोसुद्धा डाव्या-उजव्या बाजूला कुठेही लावता येतो, हे दुकानदारानं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं.

मी कंपनीचाच कागदी फिल्टर मागितला. धुळीच्या दिवसांत तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतराला बदलायचा आणि मध्ये कोणाला हवा मारू द्यायची नाही, असं ठरवलं आहे. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे, मग बाहेर उभ्या पिकअपकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “साधाच देऊ?” शंकूबरोबर दोन स्टिकर येतात, कॉटनबरोबर एक मोठा. साध्या फिल्टरबरोबर स्टिकर येत नाही. मी मागून पाहिला.