कंपनी फिटिंग

आमच्या सेलूत अमेरिकन ‘मसल कार’ एकही नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नागपूरहून वर्ध्याला जाताना कोणी उगाच मान वळवून बघत बसायचं. मसल कार म्हणजे मध्यम अंगलोटाच्या गाडीत घातलेलं बेताल मोठं इंजिन. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही त्या घराण्यातली थोरली मानतात. तिचं इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचं. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र केली तर तेवढं भरतं. १९७३ मध्ये तेल भडकलं आणि या गाड्यांचा माज उतरला. आता तिकडची वयस्क मंडळी घरच्या गॅरेजात त्या पुन्हा उभ्या करत बसतात. इंजिनावरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर जुळले की छत्तीस गुण जुळल्याचा आनंद त्यांना होतो आणि गाडीची किंमतही चढते. आपल्याकडेही हे नंबर जुळवून पाहतात, पण आरटीओत, आणि तिथे आनंदाचा प्रश्न येत नाही.

आमच्या गल्लीत अमेरिकन रक्ताची गाडी एकच, शेजारच्या काकाजींची जीप. विलिसच्या नमुन्यावर महिंद्राने इथे बांधलेली, सीजे-३बी. हिचं बॉनेट कपाळ वर काढल्यासारखं उंच दिसतं, त्याचं कारण साधं आहे. नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच निघालं, ते झाकायला बॉनेट वर घेतलं. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, सत्तर-पंचाहत्तर घोड्यांचं. मसल म्हणावं इतकं काही नाही, पण काळ्या मातीत पावसाळ्यात जीटीओ उभी राहिली असती तिथून ही बाहेर आली असती, यावर मी पैज लावायला तयार आहे. (जीटीओ इथे यायची नाही, म्हणूनच लावतो.)

काकाजींचा पुतण्या नागपुरात इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या खोलीत मस्टँगचं पोस्टर आहे आणि मोबाइलमध्ये अमेरिकेतल्या त्या गॅरेजांचे व्हिडिओ. उन्हाळ्याच्या सुटीत त्याने जाहीर केलं, “काकाजी, आपली जीप कंपनी फिटिंग करून टाकू.”

कंपनी फिटिंग म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. ऐकायला सोपं आहे. जीप गोठ्यापुढे आली, चाकं निघाली. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांना रात्रभर डिझेल पाजलं, सकाळी पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळले, तेव्हा एक नट हलला. तो हलल्याची बातमी चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि दुपारपर्यंत सल्लागार मंडळ जमलं. “गॅसनं तापव रे.” “तापवू नको, पाटा नरम पडते.” “कायले त्रास घेता भाऊ, भंगारात देऊन टाका.” शेवटचा सल्ला देणारा रोज न चुकता येत होता.

मग रंग खरवडायला घेतला. वरचा पांढरा, हा एका निवडणुकीतला. त्याखाली पोपटी, तो का दिला हे काकूंना ठाऊक असावं, कारण त्या विषय बदलत. पोपटीखाली लाल, आणि लालखाली लष्करी हिरवा, कारण जीप लिलावातून आलेली. पुतण्या पॉलिश पेपर हातात धरून विचारात पडला. कंपनीचा रंग यातला कुठला?

इंजिनाचं त्याहून अवघड. पेट्रोल परवडेना तेव्हा काकाजींनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. मूळ इंजिन गोठ्यात कडब्याआड होतं, ताडपत्री पांघरून. पुतण्याने ते बाहेर काढलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. पॉइंट कोळशासारखे काळे. ते घासून त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली, बॅटरी जोडली, आणि एक निळी ठिणगी उडाली. काकाजी खाटेवरून उठून बघायला आले. “हँडल मारशील तर अंगठा बोटांच्याच बाजूनं ठेव,” एवढंच म्हणाले. इंजिन उलटा झटका देतं आणि वेढून धरलेला अंगठा मोडतो, हे कंपनीच्या पुस्तकात असेल-नसेल, त्यांच्या अंगठ्याला माहीत होतं.

मागच्या बाजूला एक जाडजूड कडी वेल्ड केलेली आहे, कापसाची ट्रॉली ओढायला. कंपनीची नाही म्हणून मिस्त्री ती कापायला निघाला. काकाजी म्हणाले, “राहू दे. हिच्याच भरोशावर या पोराच्या आत्याचं लगन झालं.”

कंपनीची नसलेली अशी जोडणी पाहिली की मला वर्ध्याच्या जमनालाल बजाजांची फोर्ड आठवते. गांधीजी सेवाग्रामला राहत तेव्हा वर्ध्याहून तिकडे जाणारा रस्ता नावालाच, आणि पाहुणे तर देशभरातून येणार. जमनालालजींच्या जुन्या फोर्डला मग बैल जुंपले जात. नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’. देशाचे पुढारी अमेरिकन गाडीत बसून बैलांच्या चालीने गांधीजींकडे जात. आमच्याच तालुक्यात सिंदी रेल्वेला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडी बैलांना चाकं लावून मिरवतात. वर्ध्याने चाकांना बैल लावले, हिशेब बरोबर. पुढे १९४१ मध्ये खुद्द हेन्री फोर्डने गांधीजींना पत्र पाठवलं आणि गांधीजींनी त्याला सही केलेला चरखा धाडला. फोर्डच्या गाडीचं इकडे काय झालं ते त्याला कोणी कळवलं होतं का, कोण जाणे.

आता समजा, ती ऑक्सफर्ड उद्या कुणाच्या गोठ्यात सापडली. ती नीट करायची म्हणजे काय करायचं? जू काढून इंजिन चालू करायचं, की इंजिन राहू देऊन जू दुरुस्त करायचं? कारखान्याची फोर्ड जगात पैशाला पासरी. बैलांची ही एकच. माझं मत विचाराल तर सुताराला बोलवा.

सरकारचं मत वेगळं आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, वीस हजार रुपये भरून, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. पुतण्याने हे सगळं रात्री जेवताना वाचून दाखवलं. मूळ इंजिन आहेच, ते बांधून बसवायचं, कडी कापायची, खालचा हिरवा रंग द्यायचा, मग आपल्या जीपलाही ती पाटी लागेल. काकाजी भाकरी मोडत ऐकत होते. पाटी त्यांना आवडलेली दिसली.

“आणि ते लावल्यावर चालवाची कुठं?”

पुतण्याने खाली सरकवत पुढचं वाचलं. प्रदर्शनात, रॅलीत, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येईल. रोजच्या वापराला रस्त्यावर नाही.

“मंग बाजारात कायनं जाऊ?”

मॅटाडोरचं इंजिन दुसऱ्या दिवशी जागेवर गेलं. रंग पोपटी ठरला, काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.