दोन आसनांची गाडी आणि चौघांचा प्रवास

जुन्या स्पोर्ट्स कारच्या संदर्भात प्रवासाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात: एक, त्या गाडीत बसून होणारा, आणि दुसरा, त्या गाडीसाठी भलत्याच गाडीत बसून होणारा. पहिल्या प्रकाराची वर्णने विपुल आहेत. दुसरा प्रकार मात्र, मैलांच्या हिशेबात पहिल्याला सहज मागे टाकत असूनही, प्रवासवर्णनकारांनी उपेक्षिला आहे. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी, इंग्लंडमधील रेडिंग येथे राहणाऱ्या आई, बाबा, महाविद्यालयात शिकणारी कन्या आणि आजी अशा चौघांच्या मराठी कुटुंबाने १९७३ सालची एक एमजीबी रोडस्टर पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या निमित्ताने जी वणवण केली, तिचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी तयार होत असे आणि तिच्या पाच लाखांहून अधिक प्रती निघाल्या. १७९८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ताशी शंभर मैलांच्या थोडा वर जाणारा वेग, असे तिचे साधे गणित होते. रोडस्टर म्हणजे कापडी टप दुमडून मागे टाकता येणारी उघडी गाडी, आणि तिच्यात माणसे बसतात दोन. चौघांच्या घराने दोन आसनांची गाडी ‘कौटुंबिक उपक्रम’ म्हणून का निवडावी, या आईच्या प्रश्नाला बाबांनी ‘हिचे सुटे भाग अजून मिळतात’ असे उत्तर दिले. उत्तर शंभर टक्के खरे होते, प्रश्न तेवढा जागच्या जागी राहिला.

पहिला प्रवास पाहणीचा, तोही वेल्सच्या सीमेलगतच्या हियरफर्डशायरमधील एका शेतघरापर्यंत. जाहिरातीत ‘किरकोळ काम बाकी’ असे म्हटले होते. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की एमजीबीला वेगळी चासी नसते. पत्रे एकमेकांना जोडून झालेला सांगाडा हाच गाडीचा कणा असतो, आणि रोडस्टरला छपराचा आधार नसल्यामुळे सगळा भार दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, येतो. सिलमध्ये पाणी साचते, पत्रा आतून सडतो, आणि वरून लांबी भरून रंग मारला की डोळ्यांना काहीही दिसत नाही. लांबी म्हणजे खड्डे बुजवण्यासाठी थापायची आणि वाळल्यावर घासून गुळगुळीत करायची पुट्टी. तिला चुंबक चिकटत नाही, म्हणून जाणकार मंडळी पाहणीला चुंबक नेतात. या कुटुंबाने घरच्या फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक नेला होता. बॉनेटवर गणपती ठाम बसला, दारावर बसला, चाकावरच्या कमानीवर जरा डळमळला आणि सिलवर ठेवताक्षणी सरळ चिखलात पडला. दुसऱ्या बाजूलाही तेच घडले. विक्रेत्याने हे काही पौर्वात्य मोजमापाचे उपकरण असावे असे समजून आदराने टोपी काढली. आजीने चुंबक पदराने पुसला आणि निकाल दिला, “अरे, जिथे गणपती टिकत नाही तिथे पत्राच नाही, एवढं मलासुद्धा कळतं.”

दुसरी कसोटी जॅकची. गाडी एका बाजूने थोडी उचलावी आणि त्या बाजूचे दार उघडून पाहावे. सिल भक्कम असेल तर दार नेहमीसारखे लागते, आणि सिल गेलेले असेल तर सांगाडा मध्येच वाकून दार अडते. येथे दार उघडले, परंतु पुन्हा लागेना. बाबांनी याचा अर्थ ‘भाव करायला वाव आहे’ असा लावला आणि गाडी घेतली. ती ट्रेलरवर चढून रेडिंगला आली.

दुसरा प्रवास वॉरिकशायरमधील गेडनचा. तेथील ब्रिटिश मोटर म्यूझियममध्ये कारखान्याच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत आणि चासी नंबर कळवल्यास गाडी केव्हा तयार झाली, तिचा मूळ रंग कोणता, याचा दाखला मिळतो. हा दाखला टपालाने मागवता येतो, ही माहिती बाबांनी परतताना दिली. गाडी आज लाल दिसत असली तरी मूळची ‘हार्वेस्ट गोल्ड’ असल्याचे दाखल्यावरून सिद्ध झाले. तो रंग नमुन्यावर पाहून आजीने “हा तर वरणाचा रंग” असे म्हटले. कन्येने अस्सलपणाची बाजू घेतली, आईने लाल रंगाची, आणि हा वाद गाडीला रंग लावण्यायोग्य पत्राच नसल्यामुळे बेमुदत तहकूब झाला.

मधल्या काळात घराच्या गॅरेजमध्ये काम चालू होते. जुने सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे आधार वेल्ड करावे लागतात, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि नवे सिल त्या वाकड्या अवस्थेतच कायमचे जोडले जाते. वेल्डिंगचा संध्याकाळचा वर्ग बाबांनी लावला होता, पण हात बसला आईचा. बाबांच्या वाट्याला नटबोल्ट आले. या गाडीचे नट इंचाच्या मापाचे आहेत आणि घरातले पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की सटकतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. असे बरेच नट गोल झाल्यावर इंची पाने आले, आणि ते गोल नटांवर अर्थातच बसेनात.

नवे सिल विटनी या गावी बनतात. तेथे ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साचे वापरून पत्रे काढते आणि १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडीही तयार करते. माल विक्रेत्याकडून घरपोच येत असला तरी विटनीवरून एक चक्कर झालीच, आणि तशीच ती पुढे ॲबिंग्डनला गेली. कारखाना १९८० मध्ये बंद पडला. एमजी कार क्लबचे कार्यालय मात्र गावात आहे. गावच्या सतराव्या शतकातील काउंटी हॉलच्या गच्चीवरून राजघराण्यातील मंगलप्रसंगी जमावावर बनपाव फेकण्याची प्रथा आहे आणि असे जपून ठेवलेले बन तेथील संग्रहालयात आहेत. जुने बन न गंजता टिकतात आणि सिल टिकत नाही, याचे बाबांना वैषम्य वाटले.

पुढचा प्रवास हॅम्पशायरमधील ब्यूली येथील ऑटोजंबलचा. ऑटोजंबल म्हणजे जुन्या वाहनांच्या सुट्या भागांचा उघड्यावरचा बाजार. ब्यूलीत तो १९६७ पासून भरत आला आहे. वाटेत न्यू फॉरेस्टची मोकाट तट्टे रस्त्याच्या मधोमध उभी राहतात आणि हॉर्नला जुमानत नाहीत. दाराचे एक हँडल आणण्यासाठी निघालेले हे कुटुंब पितळी दिवा, दोन हबकॅप आणि ट्रॅक्टरची एक सीट घेऊन परतले. यांपैकी एकही वस्तू एमजीबीची नव्हती.

अखेर गाडी रस्त्यावर आली, वरणाच्याच रंगात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाडीला वार्षिक एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालण्यायोग्यतेच्या, तपासणीतून सूट आहे. तरीही आईने ती करवून घेतली, कारण वेल्डिंग तिचे होते. पहिल्या फेरीत पुढे एमजीबीत बाबा आणि आजी, मागे रोजच्या गाडीत आई, कन्या आणि पाने. काही मैलांवर गाडी थांबली. या गाडीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो आणि किल्ली फिरवताच टिकटिक करतो. ती ऐकू आली नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेले असतात आणि एक हलका ठोका पुरतो. आजीने चप्पल काढून दिली, कन्येने ठोका घातला, टिकटिक सुरू झाली.

या सर्व भ्रमंतीवरून निष्कर्ष निघतो तो असा: अशी गाडी घ्यायची झाल्यास इंजिनाच्या आवाजावर न भुलता आधी सिल पाहावे, कारण इंजिनाचे काम तुलनेने स्वस्तात होते आणि सडलेला पत्रा घरदार कामाला लावतो, चुंबक जवळ ठेवावा, पाने इंचाचे घ्यावेत, आणि घरातली दुसरी गाडी कोणत्याही परिस्थितीत विकू नये.